आहारविकार, भावजाणीव आणि गटोपचार : एक ऐतिहासिक विवेचन (ठाण्यातील नौपाडा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

अन्न आणि भावना यांचे नाते मानवी संस्कृतीइतकेच जुने आहे. शुभवार्ता कळताच तोंड गोड करणे, घरात मृत्यू झाला असता चूल न पेटवणे, रुसव्यात समोरचे ताट बाजूला सारणे हे महाराष्ट्रीय कुटुंबजीवनातील परिचित व्यवहार होत. या प्रत्येक व्यवहारात अन्न हे भावनेचे वाहन असते आणि घरातील इतरांना ती भावना समजतेही. मात्र अन्न नाकारणे किंवा अनावर खाणे हाच भावना हाताळण्याचा एकमेव मार्ग होऊन बसतो, आणि त्यामागील भावना स्वतः व्यक्तीलाही ओळखता येत नाही, तेव्हा या व्यवहाराला आजाराचे स्वरूप प्राप्त होते. आधुनिक मनोविकारशास्त्र अशा अवस्थांना आहारविकार म्हणते. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा, बुलिमिया नर्व्होसा आणि अनावर खाण्याचा विकार हे त्यांतील तीन प्रमुख प्रकार आहेत.

हे विकार केवळ खाण्यापिण्याच्या सवयींचे किंवा लाडावलेल्या मुलींच्या हट्टाचे आहेत, असा समज सुशिक्षित समाजातही आढळतो. तो समज किती घातक आहे, हे मृत्युदराच्या आकड्यांवरून दिसून येते. आर्सेलस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यानुसार अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांचा मृत्युदर त्याच वयोगटातील सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत सुमारे सहापट होता, आणि या मृत्यूंपैकी दर पाचांतील एक मृत्यू आत्महत्येमुळे झालेला होता. म्हणूनच या विकारांच्या मुळाशी असलेल्या भावनिक कोंडीचा विचार करणे हा प्राणरक्षणाचा प्रश्न ठरतो.

प्रस्तुत लेखात दोन प्रवाहांचा इतिहास मांडला आहे. पहिला प्रवाह आहारविकारांच्या उपचारात भावजाणिवेला आणि गटाला स्थान कसे मिळाले याचा. दुसरा प्रवाह महाराष्ट्रात, विशेषतः ठाणे शहरातील नौपाडा परिसरात, मराठी भाषेतून भावनांवर गटाने काम करण्याची परंपरा कशी रुजली याचा. या दोन प्रवाहांचा संबंध भाषेच्या पातळीवर आहे, आणि आपल्याकडील आहारविकारांवरील गटकार्य अनुवादित प्रश्नावलीवर न बेतता मराठीतील भावशब्दांवर उभे राहिले पाहिजे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

आजाराला नाव मिळण्याचा इतिहास

मनाच्या अवस्थेमुळे अन्नावरील वासना उडते, हे निरीक्षण भारतीय वैद्यकाला नवे नाही. चरकसंहितेत अरोचक या व्याधीची कारणे सांगताना वातादी दोषांबरोबरच शोक, भय, लोभ आणि क्रोध यांचाही निर्देश केलेला आहे. भावना आणि अन्नद्वेष यांचा कार्यकारणसंबंध जोडण्याची ही प्राचीन दृष्टी महत्त्वाची आहे. तथापि अरोचक म्हणजेच आजचा अ‍ॅनोरेक्सिया, असे समीकरण मांडणे योग्य ठरणार नाही; कारण अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णाची भूक प्रारंभी शाबूत असते आणि ती निग्रहाने दाबली जाते.

युरोपात रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याने १६८९ मध्ये क्षयावरील ग्रंथात, क्षय नसतानाही खंगत गेलेल्या रुग्णांचे वर्णन केले आणि त्याचे कारण मनाच्या अस्वस्थतेत शोधले. त्यानंतर जवळजवळ दोन शतकांनी, १८७३ मध्ये, लंडनचे सर विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे या आजाराचे वर्णन केले. गल यांच्या मांडणीतून अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा ही संज्ञा रूढ झाली. लासेग यांनी रुग्णाबरोबरच तिच्या कुटुंबाच्या वागण्याचीही नोंद घेतली. घरातील माणसे आधी विनवतात, मग धमकावतात, आणि अखेर सारे घर त्या एका ताटाभोवती फिरू लागते, हे त्यांचे निरीक्षण आजही खरे वाटते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र अधिक स्पष्ट झाले. जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये बुलिमिया नर्व्होसाचे वर्णन केले. अनावर खाणे आणि नंतर उलटी करून किंवा अन्य मार्गांनी ते अन्न बाहेर टाकणे, हे त्याचे मुख्य लक्षण होय. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीच्या १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत या विकारांना स्वतंत्र स्थान मिळाले आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत अनावर खाण्याचा विकार स्वतंत्र निदान म्हणून मान्य झाला. नाव मिळाल्यामुळे निदान सुलभ झाले. परंतु रुग्णाच्या अंतरंगात काय घडते, हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवावा लागला.

ताटाकडून भावनेकडे

या प्रश्नाला निर्णायक वळण देण्याचे श्रेय हिल्डे ब्रुख यांच्याकडे जाते. जर्मनीत जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या या मनोविकारतज्ज्ञांनी १९७३ मध्ये आहारविकारांवरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या मते अशा रुग्णांना शरीरातून येणारे संकेत नीट ओळखता येत नाहीत. पोटात काही हलले तर ती भूक आहे, भीती आहे की राग आहे, याचा उलगडा त्यांना होत नाही. बालपणी मुलाच्या प्रत्येक अस्वस्थतेला वडीलधाऱ्यांनी एकच उत्तर दिले, तर मूल आपल्या संवेदनांना नावे देण्यास शिकत नाही, असे त्यांचे विवेचन होते. डेव्हिड गार्नर व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तयार केलेल्या आहारविकार मापनसूचीत ब्रुख यांची ही कल्पना अंतर्गत संवेदनांच्या जाणिवेचे स्वतंत्र परिमाण म्हणून समाविष्ट झाली.

याच सुमारास पीटर सिफनिओस यांनी अ‍ॅलेक्सिथायमिया ही संज्ञा रूढ केली. भावनेसाठी शब्द नसणे, असा तिचा ग्रीक व्युत्पत्तीनुसार अर्थ होतो. अशा व्यक्तीला भावना नसतात असे नाही; त्या ओळखणे, एकीपासून दुसरी वेगळी करणे आणि बोलून दाखवणे तिला जमत नाही. पुढील संशोधनात आहारविकारांच्या रुग्णांमध्ये ही अडचण इतरांपेक्षा अधिक प्रमाणात दिसून आली. हेदरटन आणि बाउमायस्टर यांनी १९९१ मध्ये अनावर खाण्याचा अर्थ स्वतःविषयीच्या वेदनादायक जाणिवेपासून काढलेला पळ असा लावला. श्मिट आणि ट्रेझर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात भावना टाळण्याची प्रवृत्ती हा अ‍ॅनोरेक्सिया टिकवून धरणाऱ्या प्रमुख घटकांपैकी एक मानला गेला.

मात्र या चर्चेला एका जुन्या प्रयोगाची मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. या तरुणांमध्ये उदासी, चिडचिड, एकलकोंडेपणा आणि अन्नाविषयीचा अखंड ध्यास निर्माण झाला. म्हणजेच उपासमार स्वतःच भावजीवन बधिर करते. कुपोषित रुग्णाला भावना ओळखता येत नाही, यात आजाराचे मूळ किती आणि उपासमारीचा परिणाम किती, हे प्रारंभी सांगता येत नाही. त्यामुळे भावनांवरील काम शरीराच्या पोषणाला पर्याय होऊ शकत नाही; ते त्याच्या जोडीने करावे लागते.

गटोपचाराची वाटचाल

गटाने उपचार करण्याची आधुनिक परंपरा बॉस्टनच्या एका छातीच्या डॉक्टरपासून सुरू होते. जोसेफ प्रॅट यांनी १९०५ मध्ये गरीब क्षयरुग्णांना एकत्र बसवून आजाराची माहिती देण्यास सुरुवात केली, आणि एकमेकांच्या सहवासाचा रुग्णांना होणारा लाभ त्यांच्या लक्षात आला. पुढे मोरेनो यांनी गटमानसोपचार ही संज्ञा प्रचारात आणली. १९३५ मध्ये अमेरिकेत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या मद्यमुक्तीच्या स्वमदत चळवळीचा आरंभ झाला. एका मद्यपीचे दुःख दुसरा मद्यपीच जाणतो, या साध्या तत्त्वावर ती उभी होती. याच धर्तीवर १९६० मध्ये लॉस एंजेलिस येथे अतिखाण्याने त्रस्त झालेल्यांसाठी ओव्हरईटर्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना स्थापन झाली. व्यसनमुक्तीची गटपद्धती खाण्याच्या समस्येकडे वळल्याचे हे पहिले ठळक उदाहरण होय.

शास्त्रीय चाचण्यांचा काळ त्यानंतर आला. डेनिस विल्फ्ली व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अनावर खाण्याचा विकार असलेल्या १६२ रुग्णांवर केलेला अभ्यास या दृष्टीने विचारप्रवर्तक आहे. काही गटांना खाण्याच्या सवयींवर व त्यामागील विचारांवर थेट काम करणारा उपचार देण्यात आला, तर इतर गटांत भर नातेसंबंध आणि त्यांतील भावनांवर होता. वीस साप्ताहिक सत्रांनंतर दोन्ही प्रकारच्या गटांचे परिणाम जवळजवळ सारखे आले. खाण्याविषयी फारसे न बोलताही खाणे सुधारते, ही बाब भावनेचे स्थान अधोरेखित करते.

याआधी २००१ मध्ये टेल्च, अ‍ॅग्रस आणि लाइनहॅन यांनी ४४ स्त्रियांच्या अभ्यासात भावनांचे नियमन शिकवणारी गटपद्धती वापरली. उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी ८९ टक्के स्त्रियांचे अनावर खाणे उपचाराअखेर थांबले होते. सहा महिन्यांनंतर हे प्रमाण ५६ टक्क्यांवर आले. लंडनमध्ये केट चँचुरिया यांनी अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांसाठी विचार व भावकौशल्यांचा एक छोटा कार्यक्रम विकसित केला व पुढे त्याला गटरूपही दिले. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१७ मध्ये प्रौढांच्या अनावर खाण्याच्या विकारासाठी मार्गदर्शित स्वमदत पुरेशी न ठरल्यास सोळा साप्ताहिक गटसत्रांची शिफारस केली. अ‍ॅनोरेक्सियाच्या बाबतीत मात्र त्याच सूचना प्रौढांसाठी व्यक्तिगत उपचार आणि किशोरवयीनांसाठी कुटुंबोपचार यांना अग्रक्रम देतात. गट हा सर्व रोगांवरील एकच उतारा नाही, हे यावरून स्पष्ट होते.

भारतीय नोंदी आणि अर्थाचा प्रश्न

भारतात या विकारांच्या नोंदी उशिरा आणि तुरळक झाल्या. नेकी, मोहन आणि सूद यांनी १९७७ मध्ये एकबीज जुळ्यांमधील अ‍ॅनोरेक्सियाचे वर्णन प्रसिद्ध केले. १९८९ मध्ये किंग आणि भुग्रा यांनी उत्तर भारतातील शाळकरी मुलींना पाश्चात्त्य प्रश्नावली दिली. बऱ्याच मुलींचे गुण धोक्याच्या रेषेवर गेले. पण उत्तरे बारकाईने पाहता काही प्रश्नांचा अर्थच त्यांनी वेगळा घेतल्याचे आढळले. उपवास, अन्नाविषयीचे संस्कार, जेवणाच्या रीती यांमुळे एखाद्या विधानाला दिलेला होकार आजाराचे लक्षण ठरत नव्हता. ज्या समाजात एकादशी, चतुर्थी, हरतालिका आणि सोळा सोमवार घरोघरी पाळले जातात, तेथे जेवण टाळता का, या प्रश्नाचे उत्तर काय येणार, हे सांगणे अवघड नाही.

खंडेलवाल, शरण आणि सक्सेना यांनी १९९५ मध्ये पाच तरुणींची प्रकरणे मांडली. अन्न नाकारणे, सतत उलट्या, मोठी वजनघट आणि मासिक पाळी थांबणे ही लक्षणे त्यांच्यात होती. परंतु पाश्चात्त्य वर्णनात ठळकपणे येणारी देहप्रतिमेची विकृती आणि अतिहालचाल आढळली नाही. त्यामुळे निदानापर्यंत पोहोचणे कठीण गेले. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनी याच दशकात लठ्ठपणाची भीती व्यक्त न करणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. अशा रुग्णांना का खात नाही असे विचारले, तर पोट भरल्यासारखे वाटते किंवा जेवावेसेच वाटत नाही, अशी उत्तरे मिळत.

या नोंदींचा एकत्रित विचार केल्यास असे दिसते की, आशियाई समाजांत आहारविकाराची भाषा वजनाच्या आकड्यांपेक्षा पोटाची, घशाची आणि घरातील नात्यांची असू शकते. रुग्ण जी भाषा बोलतो ती उपचारकाच्या प्रश्नावलीत नसेल, तर आजार नजरेआड होतो. भावजाणिवेचा प्रश्न येथे रुग्णापुरता राहत नाही, तो उपचारकालाही लागू होतो. रुग्णाच्या भाषेतून भावनांवर काम करण्याची अशी एक परंपरा महाराष्ट्रात अन्य मनोविकारांच्या निमित्ताने निर्माण झाली होती. तिच्यासाठी ठाण्याकडे वळावे लागते.

ठाणे : मनोरुग्णालयापासून नौपाड्यापर्यंत

मानसिक आरोग्याच्या इतिहासात ठाणे शहराचे नाव दीर्घकाळ एका मनोरुग्णालयाशी निगडित होते. नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने ओळखले जाणारे हे रुग्णालय १९०१ मध्ये सुरू झाले. पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील रुग्णालयांबरोबर ते आज राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. मुंबई परिसरात एखाद्याला ठाण्याला पाठवा असे म्हटले की त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नसे. ही थट्टा समाजाच्या भीतीची द्योतक होती. मनाचा आजार म्हणजे वेड, आणि वेड म्हणजे उंच भिंती, असे त्यामागील गृहीतक होते. १९१२ चा वेडेपणाविषयीचा कायदा स्वातंत्र्यानंतरही चार दशके अमलात राहिला आणि १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची जागा घेतली, ही गोष्टही त्याच मनोवृत्तीची साक्ष देते.

रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस असलेला नौपाडा हा ठाण्याचा निराळा चेहरा होय. गोखले मार्ग, राम मारुती मार्ग, विष्णूनगर, घंटाळी या भागांत शाळा, वाचनाची आवड आणि सार्वजनिक मंडळे यांच्या आधारे मराठी मध्यमवर्गाचे सांस्कृतिक जीवन घडले. ज्या शहरात १८९३ मध्ये मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन झाले आणि जेथे घंटाळी मित्र मंडळाने योगप्रसाराचे काम लोकवर्गणीच्या व स्वयंसेवकांच्या बळावर वाढवले, त्या शहरात एकत्र बसून शिकण्याची सवय आधीपासूनच होती. गटाने काम करणाऱ्या मानसिक आरोग्य चळवळीला अशी भूमी अनुकूल ठरली.

या चळवळीची एक मुळी पुण्यात होती. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी येरवडा येथे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांचे आर्थिक साहाय्य त्यामागे होते. मुक्तांगणने व्यसनाधीन व्यक्तीला मित्र मानले, तिला गटात बोलते केले आणि तिच्या पत्नीसाठी सहचरी हा स्वतंत्र गट उभारला. घरातील एकाच्या आजारात इतरांच्या दबलेल्या रागाचा, लाजेचा आणि थकव्याचाही वाटा असतो, याची ही संस्थात्मक कबुली होती. या कामाशी प्रारंभापासून निगडित असलेले मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजेच आयपीएच, ही संस्था स्थापन केली. नौपाड्यातील लाल बहादूर शास्त्री मार्गावरून या संस्थेचे काम विस्तारत गेले.

सुदृढ मन सर्वांसाठी हे या संस्थेचे ब्रीद. उपचार, प्रशिक्षण आणि लोकजागृती या तिन्ही अंगांनी तिने काम केले. विद्यार्थ्यांसाठीचा वेध हा उपक्रम १९९१ पासून, दूरध्वनीवरून ऐकून घेणारी मैत्र ही सेवा, आणि दीर्घकालीन मानसिक आजार असलेल्यांच्या पुनर्वसनासाठीचे त्रिदल ही त्याची काही उदाहरणे. यांतील समान सूत्र असे की, व्यावसायिक तज्ज्ञांबरोबर प्रशिक्षित स्वयंसेवक आणि समदुःखी माणसे यांनाही उपचाराच्या प्रक्रियेत स्थान मिळाले. भिंतीआड होणारी गोष्ट भरवस्तीतील इमारतीत, ओळखीच्या रस्त्यावर होऊ लागली. डोंबिवली, कल्याण, ठाणे येथून रोज लोकलने ये-जा करणाऱ्या कुटुंबांसाठी हा बदल लहान नव्हता.

याला वैचारिक अधिष्ठान मिळाले ते अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे. एलिस यांनी १९५५ मध्ये या पद्धतीचा पाया घातला. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून तिचा प्रसार केला, आणि डॉ. नाडकर्णी यांच्या स्वभाव-विभाव या पुस्तकाने ती सामान्य मराठी वाचकापर्यंत नेली. या पद्धतीचे एक वैशिष्ट्य येथे विशेष महत्त्वाचे आहे. ती नकारात्मक भावना सरसकट त्याज्य मानत नाही. उपकारक आणि अपायकारक अशा भावनांत भेद करते. काळजी आणि चिंता, दुःख आणि नैराश्य, नाराजी आणि संताप, खंत आणि अपराधगंड या जोड्यांमधील फरक गटात मराठीतून बोलला जाऊ लागला, तेव्हा भावनांच्या छटा ओळखण्याचे एक लोकशिक्षणच सुरू झाले. आहारविकारांच्या संदर्भात नौपाड्याचा वारसा म्हणावयाचा तो हाच. त्याचा संबंध निदानाशी नसून पद्धतीशी आहे.

मराठी भाषेतील अन्न आणि भावना

या वारशाचा उपयोग कसा होऊ शकतो, हे पाहण्यासाठी मराठी भाषेचाच आधार घ्यावा लागेल. मराठी माणूस राग गिळतो, अपमान पचवतो, दुःखाचे कडू घोट घेतो, गुपित पोटात ठेवतो. भीतीने त्याच्या पोटात गोळा येतो, मायेने पोटात तुटते, चूक झाली की मन खाते, आणि फार दुःख झाले की घास घशाखाली उतरत नाही. भावनांचा इतका मोठा व्यवहार अन्नमार्गाच्या रूपकांतून चालवणारी ही भाषा ब्रुख यांच्या निरीक्षणाला एक वेगळेच परिमाण देते. शरीरातील संवेदना आणि भावना यांची गल्लत ही रुग्णाची अडचण असेल, तर या रूपकांत ती गल्लत आणि तिची उकल अशी दोन्ही बीजे आहेत.

शिवाय या वाक्प्रचारांत एक मूल्यही दडलेले आहे. गिळणे आणि पचवणे हे सोशिकपणाचे, विशेषतः स्त्रीच्या सोशिकपणाचे, गुण मानले गेले. सर्वांचे झाल्यावर जेवणारी, उरलेसुरले खाणारी आणि मनातले मनातच ठेवणारी गृहिणी आदर्श ठरवली गेली. अशा घरात वाढलेल्या मुलीला राग आला, तर तो व्यक्त करण्याची मान्यताप्राप्त वाट कोणती? ताट परत करणे ही तिला उपलब्ध असलेली जुनी आणि समजणारी वाट होती. ती वाट आजारात केव्हा बदलते, हे ओळखण्यासाठी वजनकाट्याबरोबर कानही लागतो.

मराठी गटात भावजाणिवेचे काम प्रायः अगदी साध्या वाक्यापासून सुरू करावे लागेल. कसेतरीच होते आहे किंवा टेन्शन आले आहे, एवढेच प्रथम सांगितले जाते. गटाचे काम हे की त्या कसेतरीचे विघटन करावे. ते पोटात जाणवते की छातीत? त्याआधी कोण काय बोलले? ती चिडचिड आहे, वैताग आहे, त्रागा आहे की संताप? हुरहुर आहे की धाकधूक? ओशाळलेपणा आहे की लाज? मराठीत या प्रत्येक छटेला स्वतंत्र शब्द आहे. एकीला न सापडलेला शब्द दुसरीच्या तोंडून ऐकू येतो आणि तो आपलाच आहे असे वाटते, हे गटाचे बलस्थान आहे. त्यानंतर प्रसंग, भावना, खाण्याची किंवा न खाण्याची ऊर्मी आणि कृती या चार गोष्टी रोजनिशीत टिपल्या, की ऊर्मी आणि कृती यांच्यामध्ये थोडी जागा निर्माण होते. बरे होण्याची शक्यता त्या जागेत असते.

मर्यादा आणि दक्षता

या पद्धतीचे धोकेही नोंदवणे आवश्यक आहे. अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांच्या गटात बारीकपणाची छुपी स्पर्धा लागू शकते आणि एकीच्या क्लृप्त्या दुसरी शिकू शकते. म्हणून वजनाचे आकडे, उष्मांक आणि खाणे टाळण्याच्या युक्त्या यांची चर्चा गटात होऊ न देण्याचा दंडक जाणते उपचारक पाळतात. ज्या रुग्णाची नाडी, रक्तदाब किंवा रक्तातील क्षार धोक्याच्या पातळीवर आहेत, तिचे स्थान प्रथम रुग्णालयात असते. वैद्य, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारक यांच्या एकत्रित देखरेखीविना केवळ गटावर विसंबणे जिवावर बेतू शकते.

दुसरी दक्षता उपवासासंबंधी आहे. व्रत आणि विकार यांची सरमिसळ दोन्ही बाजूंनी अन्यायकारक ठरते. श्रद्धेने केलेला उपवास आजार ठरवणे चुकीचे, तसेच वाढत्या उपवासांच्या आड लपलेला आजार श्रद्धा म्हणून सोडून देणेही चुकीचे. उपवास सोडताना मनाला काय वाटते, समाधान की भीती, हा प्रश्न येथे उपयुक्त ठरतो. एकादशी, दुप्पट खाशी या म्हणीतली थट्टा निरोगी माणसाची आहे. आजारी मुलीला द्वादशीचे ताट पाहून घाम फुटतो.

तिसरी बाब महाविद्यालयांशी निगडित आहे. हे विकार बहुधा किशोरवयात व तारुण्याच्या आरंभी डोके वर काढतात. श्रीनिवासन, सुरेश आणि जयराम यांनी १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये आहारविषयक त्रासाचे सौम्य रूप नोंदवले होते. उपाहारगृहात कधीच न दिसणारी, सतत थंडी वाजणारी, गुणवत्ता यादीत असूनही स्वतःवर नाखूश असलेली विद्यार्थिनी प्राध्यापकांच्या नजरेस कुटुंबाच्याही आधी पडू शकते. विद्यार्थ्यांमध्येही हे विकार आढळतात, आणि ते मुलींचे आजार मानले गेल्याने अधिकच दुर्लक्षित राहतात. शरीरयष्टीवर शेरा मारणे टाळणे, एकांतात विचारपूस करणे आणि योग्य तज्ज्ञाकडे पाठवणे, एवढे तरी शिक्षकाच्या हाती निश्चितच असते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. आहारविकारांच्या उपचाराचा इतिहास हा क्रमाक्रमाने ताटाकडून भावनेकडे आणि एकट्या रुग्णाकडून गटाकडे सरकण्याचा इतिहास आहे. या प्रवासात शरीराच्या पोषणाचे महत्त्व कमी झालेले नाही. भारतीय नोंदींनी असे दाखवून दिले की, परक्या भाषेतील प्रश्न जसेच्या तसे विचारल्यास निरोगी मुली रुग्ण ठरतात आणि खऱ्या रुग्णांचे निदान लांबते. दुसरीकडे मुक्तांगण आणि आयपीएच यांच्या कामातून मराठीत भावनांविषयी गटाने बोलण्याची रीत रूढ झाली. व्यसनाची लाज आणि मनोविकाराचा कलंक ज्या भाषेत बोलून हलका झाला, त्याच भाषेत अन्नाशी जडलेली भीतीही बोलता येईल, असे मानण्यास सबळ आधार आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक व्यक्तीला मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क मान्य केला. हा हक्क प्रत्यक्षात येण्यासाठी दवाखाने आणि तज्ज्ञ हवेतच. त्याबरोबर रुग्णाच्या तोंडचा शब्द समजणारा उपचारकही हवा. मानसशास्त्र, वैद्यक, आहारशास्त्र आणि मराठी भाषा या विषयांच्या अभ्यासकांनी एकत्र येऊन मराठी भावशब्दांवर आधारित गटकार्याची साधने तयार करणे, हे या दिशेने टाकलेले पहिले पाऊल ठरेल. असे काम एखाद्या महाविद्यालयातही सुरू होऊ शकते, कारण ज्या वयात हा आजार सुरू होतो, त्या वयाची मुलेमुली रोज तेथेच येत असतात.